दृष्टिहीन सहकाऱ्यांना स्वतः चालवता येईल अशी मॅनेज्ड होस्टिंग सेवा संस्थेने कशी निवडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला सार्वजनिक न्यास दृष्टिहीन तरुणांच्या प्रशिक्षणाचे काम करतो. त्याचे वर्डप्रेसवरील मराठी-इंग्रजी संकेतस्थळ आजवर स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवणाऱ्या सेवेवर) होते आणि ते सांभाळणारा स्वयंसेवक आता नोकरीनिमित्त दूर गेला आहे. यापुढे हे काम कार्यालयातील दोघे पाहणार आहेत. त्यांपैकी एक जण एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा स्क्रीन रीडर वापरतात, तर दुसऱ्यांना हाताच्या दुबळेपणामुळे माउस धरता येत नाही व सारे काम कीबोर्डवरच करावे लागते. संस्थेला मॅनेज्ड होस्टिंग घ्यायचे आहे आणि कोणती कंपनी निवडावी, असे आपण विचारले आहे.

अशा संस्थांची संकेतस्थळे उभी करण्याचे व त्यांची सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना ती वापरता येतात का हे, तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, ही निवड कंपनीच्या नावावरून किंवा किमतीच्या तक्त्यावरून करू नये. आपले हे दोन सहकारी होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलवर (व्यवस्थापनाच्या पानांवर) नेहमीची आणि अडचणीच्या वेळची कामे कोणाच्याही मदतीशिवाय करू शकतात का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे आणि त्या उत्तरावर निर्णय घ्यावा. एकाच कंपनीचे पॅनेल वर्षभरात बदलते, त्यामुळे मी आज सुचवलेले नाव पुढच्या वर्षी चुकीचे ठरू शकते. पारखण्याची रीत मात्र आपल्याकडे राहील.

मॅनेज्ड सेवेत सर्व्हरची देखभाल, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीच्या आवृत्त्या, वर्डप्रेसची मूळ अद्यतने, रोजचा बॅकअप, सुरक्षा आणि कॅशिंग (वेगासाठी पानांची तयार प्रत ठेवणे) ही कामे कंपनी करते. पगारी तंत्रज्ञ नसलेल्या संस्थेने शेअर्ड होस्टिंगपेक्षा हीच सेवा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएचपी ७.४ साठी सुरक्षा-अद्यतने मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले. तरीही त्याच आवृत्तीवर चालणारी संस्थांची संकेतस्थळे मला आजही दिसतात, कारण ती बदलायची कोणी हे कधी ठरलेलेच नसते. मात्र ‘मॅनेज्ड’ या शब्दाखाली प्रत्येक कंपनी वेगवेगळी कामे मोजते. प्लगइनची अद्यतने कोण करणार, अद्यतनानंतर संकेतस्थळ मोडले तर पूर्वस्थितीत कोण आणणार, संकेतस्थळात घातक कोड शिरला तर ते साफ करण्याचे वेगळे पैसे पडतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या. किन्स्टा व डब्ल्यूपी इंजिन यांसारख्या केवळ वर्डप्रेससाठी असलेल्या सेवा ईमेलची खाती देत नाहीत, हेही अनेक संस्थांना स्थलांतर झाल्यावरच कळते. आपली ईमेल आज जुन्या होस्टिंगवरच असेल, तर तिची सोय आधी लावावी लागेल. नोंदणीकृत संस्थांना गूगलची ना-नफा योजना भारतातही उपलब्ध आहे आणि तिच्यात ईमेल विनामूल्य मिळते.

आता सुगम्यतेविषयी. होस्टिंग कंपनी आपले संकेतस्थळ सुगम्य करून देऊ शकत नाही. ते थीम, मजकूर आणि तो भरणाऱ्यांच्या सवयींवर अवलंबून असते. पण चांगले केलेले संकेतस्थळ होस्टिंगमुळे बिघडू शकते, आणि हा बिघाड डोळस माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. सर्वांत वारंवार आढळणारा प्रकार म्हणजे फायरवॉलने मध्येच दाखवलेले ‘आपण माणूस आहात का’ हे चित्रकोडे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागून इंटरनेट पुरवतात, त्यामुळे ग्रामीण भागातून फोनवर येणारा वाचक संशयास्पद ठरण्याची शक्यता वाढते. तो अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरणारा असेल आणि कोडे चित्रांचे असेल, तर आपले संकेतस्थळ त्याच्यापुरते बंदच असते. कंपनीला विचारा की हे कोडे बंद करता येते का, किंवा वापरणाऱ्याला काहीही सोडवायला न लावणारी पडताळणी लावता येते का. क्लाउडफ्लेअरने २०२२ मध्ये आणलेले टर्नस्टाइल या दुसऱ्या प्रकारचे आहे.

दुसरा बिघाड वेग वाढवण्याच्या सोयीतून येतो. काही मॅनेज्ड सेवांमध्ये जावास्क्रिप्ट (मेनू, अर्ज वगैरे चालवणारा पानातला कोड) उशिरा चालवण्याची सोय असते. तिच्यामुळे वेगाच्या चाचणीतले गुण वाढतात, पण काही वेळा माउस हलवेपर्यंत किंवा पडद्याला स्पर्श करेपर्यंत मेनूचा कोडच चालत नाही आणि कीबोर्डवरून आलेल्या माणसाला उपमेनू उघडता येत नाही. स्थलांतर झाल्यावर प्रत्येक मेनू आणि देणगीचा अर्ज केवळ कीबोर्डने तपासा. काही बिघडलेले दिसले तर प्रथम ही सोय बंद करून पाहा.

तिसरी गोष्ट मी अधिक ठामपणे सांगतो. होस्टिंगबरोबर एक छोटे बटन जोडून संकेतस्थळ ‘एका ओळीच्या कोडने सुगम्य’ करण्याचे प्रलोभन दाखवले जाते. ते घेऊ नका. अशी ओव्हरले साधने मूळ पानातील दोष दूर करत नाहीत आणि पुष्कळदा स्क्रीन रीडरच्या कामात अडथळा आणतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीने आपल्या साधनाविषयी केलेल्या दाव्यांवर कारवाई केली आणि दहा लाख डॉलर भरण्याची अट घातली. अशा साधनावर खर्च होणाऱ्या पैशांत आपल्याच प्रशिक्षणार्थींकडून वर्षातून एकदा संकेतस्थळाची तपासणी करून घेतली, तर दोष खरोखर कळतील आणि त्यांना मानधनही मिळेल.

आपल्या बाबतीत मात्र जास्त महत्त्वाचा आहे तो पॅनेलचा प्रश्न, आणि निवड करताना नेमका हाच विचारात घेतला जात नाही. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ चालवण्यासाठी दर वेळी डोळस माणूस शोधावा लागणे, हे त्या संस्थेच्या कामालाच छेद देणारे आहे. आंतरराष्ट्रीय निकषांत याची दखल आहे. वाचकांपुढे येणाऱ्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी आहे, ज्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आणि मजकूर तयार करण्याच्या साधनांसाठी एटीएजी २.० हा स्वतंत्र निकष २०१५ पासून आहे. होस्टिंग कंपन्यांना पहिल्याविषयी विचारले तर काहीतरी उत्तर मिळते, दुसऱ्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेले नसते. म्हणून कागदावर विसंबून न राहता प्रत्यक्ष चाचणी करावी.

ही चाचणी अशी घ्या. दोन किंवा तीन सेवा निवडून त्यांचा चाचणी कालावधी किंवा एका महिन्याची योजना घ्या. माउस काढून ठेवा. एनव्हीडीए वापरणाऱ्या सहकाऱ्यांनी स्वतः खाते उघडावे, लॉगिन करावे, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी, नवीन वापरकर्ता जोडावा, डीएनएसची, म्हणजे डोमेनचे नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या यादीतली, एक नोंद बदलावी, संकेतस्थळाची चाचणी प्रत म्हणजे स्टेजिंग तयार करावे, कालचा बॅकअप तिच्यावर पुनःस्थापित करावा, बिल उतरवून वाचावे आणि मदतीसाठी तिकीट नोंदवावे. शेजारी बसलेल्या डोळस व्यक्तीने काहीही सांगू नये. कोठे अडले तेवढेच लिहून घ्यावे. दुसऱ्या सहकाऱ्यांनी हीच कामे केवळ कीबोर्डवर करावीत, कारण त्यांच्या अडचणी निराळ्या असतात. फोकस (कीबोर्ड सध्या ज्या बटनावर किंवा चौकटीवर आहे ती जागा) कोठे आहे हे दिसत नाही, तळाशी चिकटलेल्या सूचनापट्टीखाली तो झाकला जातो, फाइल ओढून नेण्याखेरीज पर्याय नसतो, अशा गोष्टी स्क्रीन रीडरच्या चाचणीत सापडतीलच असे नाही.

स्क्रीन रीडरच्या चाचणीत सर्वप्रथम जाणवते ती नावे नसलेली बटणे. पडद्यावर गिअर, कचरापेटी, बाण अशी चित्रे असतात आणि ऐकू येते फक्त ‘बटन, बटन, बटन’. ‘पुनःस्थापित करा’ आणि ‘काढून टाका’ ही दोन चित्रे शेजारी असतील आणि दोन्हींचे उच्चार एकच असतील, तर त्या सेवेचा विचार तेथेच थांबवावा. एखादी सोय चालू-बंद करणारी कळ तिची सध्याची स्थिती सांगते का, हे ऐका. बॅकअप पूर्ण झाल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात उमटून नाहीशी होते की स्क्रीन रीडर ती आपणहून वाचतो, हेही पाहा. ती वाचली जात नसेल तर काम झाले की फसले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. पुष्कळ पॅनेलांत बॅकअपची तारीख दिनदर्शिकेच्या चौकटीतून निवडावी लागते आणि ती चौकट कीबोर्डला दाद देत नाही. अशा वेळी तारीख टाइप करण्याची सोय आहे का, ते शोधावे.

लॉगिनकडे वेगळे लक्ष द्या. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये प्रवेशपडताळणीसाठी स्मरणशक्तीवर किंवा कोडे सोडवण्यावर विसंबू नये, असा निकष आला आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, पासवर्ड चिकटवण्यास मनाई नसावी, क्यूआर चित्राखाली तोच संकेत अक्षरांतही द्यावा आणि आलेला कोड भरायला पुरेसा वेळ मिळावा. सहा अंक सहा वेगळ्या चौकटींत भरायला लावणारी पाने स्क्रीन रीडरवर त्रासदायक ठरतात. यांतील एखादी अडचणही दूर होण्यासारखी नसेल, तर आपल्या सहकाऱ्यांना दर लॉगिनच्या वेळी कोणाला तरी हाक मारावी लागेल, आणि मग काही दिवसांत पडताळणीच बंद करून टाकली जाईल.

पॅनेल कमी पडत असेल तरीही एक मार्ग असतो, जो डोळस सल्लागार सहसा सुचवत नाहीत. कंपनी एसएसएच (सर्व्हरवर आज्ञा टाइप करण्यासाठीची सुरक्षित जोडणी) आणि डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेससाठीचे आज्ञांचे साधन) देत असेल, तर प्लगइन अद्ययावत करणे, डेटाबेसचा बॅकअप घेणे, वापरकर्ता जोडणे ही कामे आज्ञा टाइप करून होतात. त्यात सारा संवाद अक्षरांतच असतो आणि एनव्हीडीए तो नीट वाचतो. आपल्या सहकाऱ्यांना विंडोजचे टर्मिनल येत असेल, किंवा थोड्या प्रशिक्षणाने येण्यासारखे असेल, तर मध्यम दर्जाचे पॅनेल पण एसएसएच असलेली सेवा ही चांगले पॅनेल पण एसएसएच नसलेल्या सेवेपेक्षा मी वरची मानेन. स्वस्त योजनांत एसएसएच बरेचदा वगळलेले असते, तेव्हा योजनेचे नाव पाहून खात्री करा.

मदतकक्षाची परीक्षाही याच कालावधीत घ्यावी. काही कंपन्या फक्त चॅट देतात आणि चॅटची चौकट कीबोर्डने उघडत नाही. काही फक्त फोन देतात, मग कर्णबधिर व्यक्तीची अडचण होते. ईमेलने तिकीट नोंदवता येणे मी अत्यावश्यक मानतो. त्या ईमेलमध्ये सरळ लिहावे की, आमचे सहकारी स्क्रीन रीडर वापरतात, अमुक बटनाचे नाव ऐकू येत नाही, ते केव्हा दुरुस्त होईल? ‘आमची टीम लक्ष घालेल’ एवढेच छापील उत्तर आले तर त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको. ‘तोवर हे काम आम्ही तिकिटावर करून देऊ’ असे म्हणणारी कंपनी, तिचे पॅनेल अपुरे असले तरी, विचारात घेण्याजोगी आहे.

काही मोठ्या कंपन्या व्हीपॅट या ठरावीक नमुन्यातील सुगम्यता अहवाल देतात. तो मागवा, पण तीन गोष्टी तपासून वाचा: अहवाल कंट्रोल पॅनेलचा आहे की केवळ जाहिरातीच्या संकेतस्थळाचा, तो कोणत्या तारखेचा आहे, आणि चाचणी कोणत्या स्क्रीन रीडरवर केली होती. सर्व ओळींत ‘पूर्णपणे समर्थित’ असे लिहिलेल्या अहवालापेक्षा आठ-दहा ठिकाणी ‘अंशतः’ लिहून कारण देणारा अहवाल अधिक विश्वासार्ह असतो.

विश्वस्तांपुढे विषय मांडताना कायद्याचा आधार लागेल, म्हणून तेवढे सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्या सरकारी व खासगी दोन्ही संस्थांना सुगम्यतेचे नियम लागू होतात. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्पादनांसाठी आहे. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली. आणि प्रज्ञा प्रसून प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची सुगम्यता जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९.६ लाख होती. हा विषय चार माणसांपुरता आहे असे कोणी बैठकीत म्हटले, तर हा आकडा पुढे ठेवा.

मराठी मजकुराची वेगळी काळजी घ्यावी लागते आणि ती परदेशी मदतकक्षाला सुचणार नाही. जुन्या डेटाबेसमध्ये अक्षरसंच चुकीचा असेल तर स्थलांतरात सगळे देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलू शकते. म्हणून नव्या ठिकाणी डेटाबेस यूटीएफ८एमबी४ या संचात आहे ना, हे विचारा आणि पुनःस्थापित केलेल्या प्रतीतील जोडाक्षरे वाचून पाहा. संकेतस्थळावर पूर्वी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पाने उरली असतील, तर ती स्क्रीन रीडरला निरर्थक इंग्रजी अक्षरे म्हणून ऐकू येतात. ती बदलायची वेळ स्थलांतराचीच. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदलेले असावे, म्हणजे एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक एनजी मराठी आवाज निवडतो. मराठी शीर्षकावरून आपोआप तयार होणारे पानांचे पत्ते (यूआरएल) ही आणखी एक अडचण. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ वर्ण घेते आणि वर्डप्रेसची मर्यादा दोनशे वर्णांची आहे, त्यामुळे बावीसेक चिन्हांपुढचे शीर्षक कापले जाते. स्थलांतरानंतर असे कापलेले जुने पत्ते उघडतात का, हे आवर्जून पाहावे.

सर्व्हर भारतात किंवा निदान सिंगापूरला असावा. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि अनेक मॅनेज्ड सेवा अशा केंद्रांची निवड करू देतात. देणगीदारांची माहिती संकेतस्थळाच्या सर्व्हरवर कमीत कमी ठेवा. करसवलतीच्या पावतीसाठी घेतलेला पॅन तेथे साठवून ठेवण्याचे काही कारण नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. यांतले कंपनी काय करेल आणि आपल्याला काय करावे लागेल, हे करारात स्पष्ट असावे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना लेखापरीक्षित हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत स्वतःच्या किंवा सरकारने ठरवलेल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात, तेव्हा डिसेंबरमध्ये स्थलांतराचा घाट घालू नये.

पैशांबाबत जाहिरातीतली किंमत पाहू नका, नूतनीकरणाची पाहा. ती पहिल्या वर्षाच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी मिळवा, जो बहुतेक न्यासांना परत मिळत नाही. ना-नफा संस्थांसाठी जाहीर केलेल्या सवलती नीट वाचा. ड्रीमहोस्टची विनामूल्य योजना, उदाहरणार्थ, अमेरिकेत तिथल्या करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली नोंदलेल्या संस्थांसाठी आहे. भारतीय न्यासाला ती लागू नाही. कार्डावर आपोआप नूतनीकरण होईल या भरवशावरही राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १५ हजार रुपयांपुढील आवर्ती रकमेला दर वेळी वेगळी संमती लागते, आणि परदेशी कंपन्यांची कपात पुष्कळदा फसते. मुदतीची तारीख कोषाध्यक्षांच्या नोंदवहीत असू द्या. तीन वर्षांचे पैसे एकदम भरून मिळणारी सूट आकर्षक दिसते, पण पॅनेलचे नवे रूप आले आणि ते वापरता येईनासे झाले तर आपण अडकतो. पहिले तीन महिने मासिक दराने घ्या, मग वर्षाचे पैसे भरा.

डोमेन मात्र होस्टिंगपासून वेगळे आणि न्यासाच्याच नावावर असले पाहिजे. मला माहीत असलेल्या एका संस्थेचे डोमेन माजी कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर नोंदलेले होते आणि ते सोडवून घेताना संस्थेचे संकेतस्थळ कित्येक आठवडे बंद राहिले. आपला स्वयंसेवक दूर गेला आहे, म्हणून ही चौकशी होस्टिंगच्याही आधी, या आठवड्यातच करा. नोंदणीचा ईमेल व्यक्तीचा नसून कार्यालयाचा असावा आणि त्याचा पासवर्ड दोघा विश्वस्तांकडे असावा.

करार करताना दोन वाक्ये त्यात घालून घेण्याचा आग्रह धरा. पहिले असे की, पॅनेलमधील ज्या अडथळ्यामुळे संस्थेचा सहकारी स्क्रीन रीडरने किंवा कीबोर्डने एखादे काम करू शकत नाही, ते काम कंपनी तिकिटावर विनाशुल्क करून देईल. दुसरे असे की, सेवा सोडताना सर्व फाइली आणि डेटाबेस यांची पूर्ण प्रत मागितल्यावर ठरलेल्या दिवसांत मिळेल. मोठ्या कंपन्या छापील करार बदलत नाहीत. तेथे हेच प्रश्न विक्रीविभागाला ईमेलने विचारून आलेले उत्तर जपून ठेवावे. नवी सेवा सुरू झाल्यावर जुनी किमान एक महिना चालू ठेवा, आणि त्या महिन्यात आपल्या दोन्ही सहकाऱ्यांनी बॅकअप पुनःस्थापित करण्याचा सराव पुन्हा एकदा करावा. दोघांनाही तो मदतीशिवाय जमला, की जुने खाते बंद करायला हरकत नाही.